आपाचा वगळलेला गठ्ठा

आपा, तुझ्यावर चिडावं की नाही हे ठरवण्याआधीच मी चिडलेय. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. दुपारी जेवलीस, "जरा पाठ टेकते" म्हणालीस आणि उठलीच नाहीस. यास्मिन म्हणते, अम्मीला कसलाही त्रास झाला नाही. बरं झालं. त्रास सगळा मागं ठेवून गेलीस.

माझ्यापुढं टेबलावर तुझ्या शेवटच्या मोसमातल्या फॉर्मांचा गठ्ठा पडलाय. वर कापलेली सुतळी, आणि सुतळीला अजून तुझी ती गाठ, जी आजवर मला एकदाही न कापता सोडवता आलेली नाही. हा अख्खा गठ्ठा मला आपल्या अभ्यासातून वगळायचा आहे. वगळलेल्या फॉर्मांसाठी अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो आणि तो रिकामा ठेवून चालत नाही. त्या एका रकान्यापायी चार दिवस झाले, मी वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबते आणि पोरी एकमेकींकडं बघतात. तुझी लेक म्हणते, "मॅडम, काय पण लिहा, पण अम्मी विसरायला लागली होती असं नका लिहू. लोक वाचतील." आणि खरं कारण तर तेवढंच आहे. म्हणून आधी तुझ्याशी भांडून घेते, मग काय ते लिहिते.

तिसऱ्या दिवशी जियारतीला मी मलकापूरला तुझ्या घरी आले होते. आतल्या खोलीत बायकांत बसले. तुझी नणंद शेजारी सरकली आणि म्हणाली, "तुमी दोघी येवढं गावोगाव हिंडत हुता, ते नेमकं कशापायी ओ?" मी आपली मास्तरीणबाई, प्रश्न आला की उत्तर देते. सांगितलं की माशाच्या चरबीत एका जातीची आम्लं असतात, मेंदूतही तीच भरपूर असतात, म्हणून जी माणसं मासे खातात त्यांची आठवण म्हातारपणी जास्त टिकते का, ते आम्ही बघत होतो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् शमानं तर जल्मभर मासं खाल्लं. शेवटाला मलाच इचारती, तू कुनाची गं? मग कशाचा उपेग झाला?"

चार बायकांनी माना डोलावल्या. मला असा संताप आला आपा, की मांडीवरची रकाबी मी खाली ठेवली. एका घरावरनं गाव ठरवू नगं, हे वाक्य तुझं. तू ते गावोगाव शंभरदा ऐकवलंस, आणि नेमकं स्वतःच्या घरात, स्वतःच्या नणंदेला ऐकवायची वेळ आली तेव्हा तू नव्हतीस. मी ऐकवलं असतं, पण तुझ्या आवाजाशिवाय ते नुसतंच पुस्तकी वाटलं असतं. रकाबीतला चहा निवला.

आपली ओळख झाली तेव्हा तू सरकारी दवाखान्यातून नुकतीच निवृत्त झालेली नर्सबाई होतीस, आणि मी सांगलीच्या कॉलेजात जीवरसायन शिकवणारी, रक्तातली चरबी यंत्रातून वेगळी करून मोजणारी बाई. माझ्या घरात चातुर्मासात बटाटासुद्धा येत नाही. मासा मी फक्त काचेच्या नळीतल्या रक्तातून ओळखते. असल्या बाईनं मासे खाणाऱ्यांचा अभ्यास काढला म्हणून घरच्यांनी आधीच कपाळाला हात लावला होता. कराडच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या काठानं गावं निवडली, पण तिथल्या बायका मला ओट्यावरच चहा देऊन वाटेला लावायच्या. कुणीतरी म्हणालं, मलकापूरच्या शमाआपाला घ्या, त्या पट्ट्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलीत. मी आले. तू मला नखशिखान्त बघितलंस आणि पहिला प्रश्न विचारलास, "वास सोसंल का तुला?"

सोसला नाही. पहिल्याच आठवड्यात नदीकाठच्या एका घरात मरळ कापत होते, आणि मी परसात जाऊन उलटी केली. तू पाठीवरून हात फिरवलास आणि बाहेर येऊन बायकांना सांगितलंस की मॅडमना उन्हाचा त्रास झालाय. त्या दिवसापासून मी तुला अहो-जाहो करणं सोडलं. मोठ्या बहिणीला कोण अहो म्हणतं.

पण तुझ्याशी काम करणं म्हणजे रोजचं डोकं उठवणं होतं, हे आज तरी मला म्हणू दे. टॅबवर माहिती भरायला शिकवलं तर म्हणालीस, "त्या पाटीवर बोट घासत बसले की बायका माझ्याकडं न्हाई, पाटीकडं बघत्यात." म्हणून साऱ्या महाराष्ट्रात लोक टॅब वापरत असताना आपण कागदावर राहिलो. प्रश्न छापलेत त्याच क्रमानं विचार म्हटलं, तर तू आधी सुनेचं माहेर विचारायचीस, मग म्हशीचं दूध, मग कुणाच्या तरी गुडघ्याला तेल कुठलं लावायचं ते सांगायचीस आणि जाता जाता माशांचा प्रश्न टाकायचीस. एका फॉर्मला अर्धा दिवस. मी गाडीत बसून घड्याळ बघायची आणि माझा रक्तदाब वाढायचा. तू येऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "झालं गं बाई, निघू." जणू मीच उशीर केला होता.

आणि ते मुंडक्याचं भांडण. त्यात तू बरोबर होतीस, हे मी तुला कधीच नीट तोंडानं सांगितलं नाही.

माझ्या फॉर्मात प्रश्न होता: आठवड्यातून किती वेळा मासे खाता, आणि एका वेळेला किती तुकडे? साधा, सरळ प्रश्न, सांगलीत टेबलावर बसून लिहिलेला. गावागावातून बाप्यांची उत्तरं आली, चार तुकडे, पाच तुकडे. बायकांची उत्तरं आली, "न्हाई खात." घरात मासा शिजतो, बाप्ये खातात, बायका खात नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे, तसं असेल. पण त्याच बायकांचं रक्त यंत्रात घातलं तर माशाची चरबी चांगली ठळक दिसायला लागली. मी प्रयोगशाळेतल्या मुलीला झापलं, नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्यास म्हणून. ती बिचारी दोन दिवस रडत होती. तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "नळ्या बरोबर हायत. तुझा सवालच खुळा हाय."

मी ऐकेना. मधेच फॉर्म बदलला तर आधीचं सगळं वाया, असं तुला दहादा समजावलं. तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी मला बरोबर जेवणाच्या वेळेला नदीकाठच्या इंदूबाईंच्या घरी घेऊन गेलीस आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवलंस. नाकाला पदर लावून मी बसले. बाप्ये जेवून उठले, तुकडे संपले. मग इंदूबाई आणि त्यांची जाऊ पातेलं मधे घेऊन बसल्या. पातेल्यात मुंडकं, शेपटी आणि रस्सा. भाकरी कुस्करून दोघींनी ते सगळं चोखून, चघळून संपवलं, हाडांचासुद्धा भुगा केला. तू मला कोपरानं ढोसलंस, म्हणजे विचार आता. मी विचारलं, "इंदूबाई, आज मासे खाल्ले का?"

"न्हाई वो. मासं त्यांनी खाल्लं. आमी आपलं उरलंसुरलं." आणि हे म्हणताना बोटांत माशाचा डोळा होता.

तू नुसती माझ्याकडं बघत बसलीस, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा जास्त जिव्हारी लागलं. माशाच्या डोक्यात ती चरबी चांगली असते हे मी वर्गात शिकवते. ते डोकं कोणाच्या ताटात पडतं, हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय बाजारातून मूठभर सुकट आणून शेतात भाकरीबरोबर खायची, तेही कुणी मासे म्हणून मोजत नव्हतं, ते तोंडीलावणं. मी फॉर्म बदलला. मुंडकं, शेपटी, रस्सा, सुकट, सगळं वेगवेगळं. तू सगळ्या बायकांकडं पुन्हा गेलीस, एक अख्खा मोसम घालवलास आणि एकदाही मला टोमणा मारला नाहीस. टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं. मी तुला त्या दिवशी गाडीत म्हटलं, "बरं झालं लक्षात आलं." कुणाच्या लक्षात आलं, ते गाळलं.

त्यानंतर तुझ्या कामात मी कधी बोट घातलं नाही. एकदा तोंडावर पडल्यावर परत कोण विचारतं. आपा म्हणते ना, मग झालं. हे माझं धोरण होतं आणि त्याला मी विश्वास म्हणत होते.

जवसाचं भांडण मात्र आपण मिटू दिलं नाही, आणि त्याची मला आठवण आली की अजूनही मनात उत्तरं तयार व्हायला लागतात. दुसऱ्या बाजूला आपण सांगलीच्या आसपासची आमची जैन शेतकरी घरं घेतली होती, मासा नाही, अंडं नाही, पण रोज ताटात जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. तुझं म्हणणं, चटणीनं काय होतंय. माझं म्हणणं, जवसातही त्याच घराण्यातलं आम्ल असतं, शरीर त्याचं रूपांतर करून घेतं. तू म्हणायचीस, "किती करतंय त्ये सांग की." मी विषय बदलायची. मग मी माझ्या आईचं उदाहरण काढायची. नव्वदीला टेकलेली माझी आई, जन्मात माशाला शिवली नाही, आणि आमच्या सगळ्या भावकीतल्या पोरांचे वाढदिवस तिला तोंडपाठ. त्यावर तुझं ते ठरलेलं, "एका घरावरनं गाव ठरवू नगं, त्रिशला."

किती करतंय ते आता सांगते. फार थोडं करतं. मेंदूला लागणारं जे मुख्य आम्ल, ते तर नावापुरतंच. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त तुझ्यासमोर म्हणायला जिभेला जड जायचं. पण तुलाही एक गोष्ट जड जात होती. मासे खाल्ले म्हणून आठवण टिकतेच, असं आपल्याला कुठं दिसलं नव्हतं. थोडा फरक दिसत होता, तोही शिक्षण, कष्ट, साखर, रक्तदाब सगळं बाजूला काढलं की बारीक होत जाणारा. जगभरात हेच चाललंय, कुणाला दिसतं, कुणाला दिसत नाही, आणि तेलाच्या गोळ्या खाऊन तर बऱ्याच ठिकाणी हाती काही लागलं नाही. हे सांगितलं की तू रुसायचीस. जणू मासा तुझ्या माहेरचा होता.

आणि हेही लिहिते, नाहीतर नुसतं भांडणच होईल. तुझ्या घरात माझं एक वेगळं पातेलं होतं. त्यावर तू खिळ्यानं माझं नाव कोरून घेतलं होतंस आणि त्यात कधी काही दुसरं शिजू दिलं नाहीस. कांदा-लसूण नसलेली आमटी तुला जमायची नाही, मिळमिळीत व्हायची, पण मी प्रत्येक वेळी दोनदा मागून घ्यायची. तुझ्या घरातून मी कधी उपाशी गेले नाही. माझ्या सासरीसुद्धा एवढं कुणी केलं नव्हतं.

आता गठ्ठ्याचं.

तो माझ्याकडं तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी आला. यास्मिननं कपाटातून काढून पाठवला. मी म्हटलं, तुझं शेवटचं काम आधी हातावेगळं करावं. सुतळी कापली आणि फॉर्म संगणकात भरायला बसले. तुला ठाऊक आहे, आठवण तपासायला आपण दहा शब्द वाचून दाखवतो, मग इकडचं तिकडचं बोलतो, आणि थोड्या वेळानं विचारतो, सांगा आता किती आठवतात. एवढ्या वर्षांत दहाच्या दहा कुणी क्वचित सांगितले. म्हातारी माणसं पाच-सहा सांगतात आणि लाजतात. या गठ्ठ्यात सगळ्यांना दहा. सत्तरीच्या बाईला दहा, ऐंशीच्या बाईला दहा. आणि सगळ्यांचा क्रम एकच. पुढं बघते तर इंदूबाईंच्या नावाचे तीन फॉर्म, तीन वेगवेगळ्या तारखांचे, उत्तरं हुबेहूब एक.

आपा, मला वाटलं तू घरी बसून भरलेस. आमच्या धंद्यात याहून घाण शिवी नाही. फॉर्म घरी भरतात, असं कुणाबद्दल म्हटलं की त्या माणसाला परत कुणी काम देत नाही. तुझ्या कबरीची माती वाळली नव्हती आणि मी तुला मनातल्या मनात ती शिवी दिली. सकाळ होताच मी रजा टाकली आणि गाडी काढून थेट इंदूबाईंच्या दारात गेले, पहिल्यांदाच तुझ्याशिवाय.

त्यांना कळलं होतं. माझा हात धरून त्या थोडं रडल्या, मग पाणी दिलं. मी तिन्ही फॉर्म पुढं ठेवले आणि विचारलं, "इंदूबाई, खरं सांगा. आपा तुमच्याकडं खरंच आल्या होत्या का?"

"आल्या हुत्या म्हंजे? पाच-सा बार आल्या की. यायच्या, समदं इचारायच्या, चा पिऊन जायच्या. आठ दिसानं परत हजर. इंदूबाई, तुमचं फारम ऱ्हायलंय म्हनायच्या."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत, झालाय म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "कसं सांगायचं वो बाई? माझ्या सुनंची दोन बाळतपणं त्या मान्सानं केली. दारात आलेल्या बाईला म्हनायचं व्हय, आवं तुमी इसरलायसा? आमी आपलं परत सांगायचो. आमचं काय जातंय?"

"आणि ते शब्द? दहाच्या दहा सगळ्यांना कसे काय आठवले?"

इथं त्यांची जाऊ आतून आली आणि पदर तोंडाला लावून हसली. इंदूबाई म्हणाल्या, "त्ये त्यास्नीच आठवंना झालं हुतं. कागूद सापडायचा न्हाई, सापडला तर चष्मा घावायचा न्हाई. लय कासावीस व्हायच्या. मग आमी गल्लीतल्या समद्यांनी मिळून पाठच केलं. चूल, घागर, चिमणी, खुरपं, साखर, पायरी, दोरी, लिंबू, बैल, टोपी. त्या चूल म्हनल्या की म्होरलं आमी म्हनायचो. आन् काय खूश व्हायच्या! म्हनायच्या, बघा गं, हा माशाचा गुण हाय."

दोघी जावा पुन्हा एकदा ते दहा शब्द म्हणून दाखवायला लागल्या, शाळेतल्या पोरींनी पाढे म्हणावेत तशा. मी त्यांच्या ओट्यावर बसून हसले, आणि हसता हसता जे रडायला आलं ते थांबेना. इतकी वर्षं मी जपलेला अभ्यास. यादी कधी बदलायची नाही, तुलना चुकते, हा नियमही माझाच. त्याची या बायकांनी प्रेमानं पार वाट लावली होती. कुणावर ओरडू? त्यांच्यावर ओरडायला तोंड नव्हतं. तुझ्यावर ओरडायला तू नव्हतीस. म्हणून हे लिहितेय.

तू मला सांगायला हवं होतंस, आपा. परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी मोठमोठ्यानं भांडत गाडी चालवली. एवढी वर्षं म्हाताऱ्यांना विसरलात का म्हणून विचारत फिरलीस, तुला स्वतःचं कळलं नसेल? कळलं असणार. भीती वाटली असणार. काम जाईल, लोक म्हणतील मासे खाणारीच विसरली, अभ्यासाचंच नाक कापलं जाईल. मला सांगितलं असतंस तर मी काय काम काढून घेतलं असतं? असं मी तुला गाडीत विचारलं, आणि पुढच्या वळणाला मला उत्तर सापडलं. हो, काढून घेतलं असतं. घ्यायलाच लागलं असतं. म्हणून तर मीही विचारलं नाही.

कारण मला ठाऊक होतं. हे मी कुणाला बोललेले नाही.

गेल्या वर्षी पाचगणीला अभ्यासाची ती दोन दिवसांची बैठक होती. परतताना घाटाच्या अलीकडं तू गाडी थांबवायला लावलीस, यास्मिनसाठी स्ट्रॉबेरी घ्यायची म्हणून. मी गाडीतच बसले. तू त्या बाईशी हुज्जत घातलीस, भाव पाडून दोन पेट्या घेतल्यास आणि मागच्या सीटवर ठेवल्यास. मग दार लावून उभी राहिलीस, वळलीस आणि परत त्याच बाईकडं गेलीस. तीच हुज्जत, पहिल्यापासून. "यास्मिनला आवडत्यात, जरा बरा भाव सांग की." त्या बाईनं तुझ्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. ती मला विचारत होती, काय करू? आपा, मी मोबाइल काढला आणि त्यात मान घातली. तू आणखी दोन पेट्या घेऊन आलीस, मागं बघितलंस, आधीच्या पेट्या दिसल्या. तुझा चेहरा मी आरशात बघितला. मग म्हणालीस, "चार बऱ्या. शेजारी पण द्याव्या लागत्यात." मी म्हटलं, "हो ना."

त्यानंतर तूही काही बोलली नाहीस, मीही नाही. मी तज्ज्ञ. असल्या खुणांवर मी व्याख्यानं देते. पण मोसम सुरू व्हायचा होता, नदीकाठच्या बायकांचं दार तुझ्याशिवाय कुणाला उघडत नव्हतं, आणि मला माझा आकडा पुरा करायचा होता. तुझी भीती आणि माझी गरज दोन्ही एकाच गाडीत बसून मलकापूरपर्यंत आल्या. मी तुला दारात सोडलं, नेहमीसारखं.

इथवर लिहून झालं, आणि काल मी अहवालाचा तो रकाना भरला. आधी नुसतं 'तांत्रिक कारण' लिहिलं होतं. ते खोडलं. मग तीन वाक्यं लिहिली. मुलाखती घेणाऱ्या परिचारिकेची स्मृती त्या मोसमात खालावलेली होती. हे मुख्य संशोधिकेच्या लक्षात आधीच आलं होतं. तरीही तिनं काम थांबवलं नाही आणि परिचारिकेच्या घरी कळवलं नाही.

पाठवण्याआधी यास्मिनला फोन लावला. ती शिरवळला कारखान्यात शिफ्टवर होती, बाहेर येऊन बोलली. मी पहिलं वाक्य वाचलं. ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं." मी म्हटलं, "पुढचं ऐक." आणि उरलेली दोन्ही वाचली.

मागं यंत्रांचा आवाज चालूच होता. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षीपासून. पाचगणीहून येताना."

"मला वाटलं दोनच महिने झालेत. आत्याच सांगायची, अम्मी विसरतीय म्हणून, तेही आत्ता आत्ता." तिचा आवाज चढला नाही. "तेव्हाच सांगितलं असतंत तर मी इथली खोली सोडली असती. घरी राहून ये-जा केली असती. वर्षभर मी तिच्याजवळ असते, मॅडम. वर्ष मिळालं असतं मला."

मी सॉरी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच कळलं की हे काय म्हणतेय मी. एवढ्याशा शब्दानं काय भागणार होतं. तिच्याकडं पाळी बदलल्याचा भोंगा झाला, कुणीतरी तिला हाक मारली. तिनं त्यांना थांबा म्हटलं.

"शेवटची दोन वाक्यं खोडणार तर नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग पहिलं पण राहू द्या," ती म्हणाली आणि आत गेली.